अ ते फ

गेल्या दिवाळीत आमच्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला. पस्तीस वर्षं झाली म्हणून. हॉल घेतला होता, फेटे बांधणारा बोलावला होता, तांबडा-पांढरा होता, न खाणाऱ्यांसाठी वेगळी पंगत होती आणि निघताना प्रत्येकाच्या हातात एक ट्रॉफी दिली, ती कशाबद्दल ते मला अजून कळलेलं नाही. दारावर मोठा फ्लेक्स होता, ‘दहावी १९९०, आम्ही सारे सोबती’. जेवताना शेजारच्या डॉक्टर मित्राला मी सहज विचारलं, “बाकीचे नाही आले?”

“बाकीचे म्हणजे? बेचाळीसपैकी छत्तीस आलेत की.”

ग्रुपवर बेचाळीस जण आहेत हे खरंच. पण आमच्या शाळेत दहावीला सहा तुकड्या होत्या, अ ते फ. साडेतीनशेच्या घरात पोरं. फ्लेक्सवरचे ‘आम्ही सारे’ म्हणजे दहावी अ. कुणी मुद्दाम कुणाला वगळलं नव्हतं. ज्याच्याकडे ज्याचे नंबर होते त्यानं ते घातले, एवढंच. बाकीच्यांचे नंबर कुणाकडेच नव्हते.

घरी येताना मी फ तुकडीतलं एक तरी नाव आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवलं नाही. आठवला तो त्यांचा वर्ग. मुख्य इमारतीच्या मागं, पाण्याच्या टाकीपलीकडं पत्र्याची शेड होती. पाऊस लागला की पत्र्यावर असा आवाज व्हायचा की आत शिकवणारा माणूस नुसता ओठ हलवताना दिसायचा. फ म्हणजे फुकट, असं आम्ही म्हणायचो. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

मी जीएसटीची आणि इन्कमटॅक्सची रिटर्न्स भरतो. चार-दोन शिक्षण संस्थांचे हिशेबही बघतो. पण गिऱ्हाईक बहुतेक फौंड्रीवाले आणि मशीनशॉपवाले. डिसेंबरात एका फौंड्रीच्या हिशेबात पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाआधी वाळूत ठसा उमटवायला करतात त्या लाकडी नमुन्याचं, एक बिल जुळेना, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न करणाऱ्याकडंच गेलो. पत्र्याचं दार, आत सागवानाच्या भुशाचा वास, भिंतीवर खुंट्यांना टांगलेले लाकडी पंपाचे भाग. माझ्याच वयाचा एक माणूस खाली वाकून एका गोलाईवर पॉलिशपेपर फिरवत होता. बिलाचं काम दोन मिनिटांत झालं. निघताना त्याच्या टेबलावर दोन स्टीलच्या पट्ट्या दिसल्या, एकसारख्याच. दोन कशाला, असं विचारलं.

त्यानं दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. शून्याला शून्य जुळवलं. “आता तीनशेवर बगा.” दुसऱ्या पट्टीवरचा तीनशेचा आकडा पहिलीच्या तीनशेच्या तीन मिलिमीटर पुढं होता.

“बीड ओतलं की थंड होताना आकसतंय. मीटरला दहा मिलिमीटर. ॲल्युमिनियमला तेरा, स्टीलला वीसच्या आसपास. मग पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा. दर येळी हिशेब कुठं घालत बसायचा, म्हणून पट्टीच वाढवून केलेली असती.” मग त्यात मशीनिंगची भर, वाळूतनं पॅटर्न सुटावा म्हणून बाजूंना दिलेला उतार, आतली पोकळी धरायला कोअर बॉक्स वेगळा. ड्रॉइंगवरचा एकही आकडा जसाच्या तसा लाकडात उतरत नाही. हे सगळं तो पॉलिशपेपर न थांबवता सांगत होता.

आणि मग म्हणाला, “तुम्ही अ ला होता न्हवं? नव्वदची बॅच. मी फ ला होतो.”

मी बघतच राहिलो. एकच शाळा, एकच साल, वयही तेच. आणि तो मला ‘तुम्ही’ म्हणत होता. “अरे, तुम्ही काय म्हणतोस, तू म्हण की,” असं मी म्हणालो. तो “हां” म्हणाला आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा तुम्हीवर आला. कोल्हापुरात दोन अनोळखी माणसं पाच मिनिटांत ‘मर्दा’वर येतात. इथं सहा वर्षं एका शाळेत काढलेली माणसं ‘अहो-जाहो’ करत होती.

तो कासारीकाठच्या गावचा. चौथीपर्यंत गावच्या विद्या मंदिरात होता आणि चौथीला वर्गात पहिला आला होता. वडिलांनी हौसेनं त्याला कोल्हापुरातल्या हायस्कुलात पाचवीला घातलं. आमच्याकडं पाचवीच्या तुकड्या जुलैतल्या एका चाचणीवर ठरायच्या. चाचणीच्या आठवड्यात बंधाऱ्यावर पाणी आलं. ज्यांनी कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगडी खांबांच्या खाचांत उन्हाळ्यासाठी बरगे घालून पाणी अडवतात, पावसाळ्यात बरगे काढून नदी मोकळी सोडतात. वरून माणसं, सायकली, बैलगाड्या जातात. पूर आला की तोच पूल पाण्याखाली. शेतीच्या पाण्यासाठी याहून सोयीची रचना नाही. शाळेला मात्र ती जून-जुलैत हमखास दगा देते. चार दिवसांनी पाणी उतरलं, हा शाळेत आला, तोवर चाचणी होऊन गेली होती. ज्यांच्या नावापुढं मार्क नव्हते त्यांची सगळ्यांची एक तुकडी केली होती.

“मग नंतर बदलून नाही दिली?”

“कोण मागणार? वडलांना तुकडी म्हंजे काय हेच म्हाईत न्हवतं. मला वाटलं, फ म्हंजे शेवटी आलेल्यांची. पुढच्या वर्षी सरकंल वर.”

वर सरकत नसतं. हे मला ठाऊक आहे, कारण मी वरच होतो आणि वरून कुणी खाली गेलेलं मी पाहिलं नाही. पाचवी अ ची सहावी अ झाली, सहावीची सातवी. दरवर्षी जूनमध्ये नवी वही, नवा वर्ग, तेच चेहरे. शिष्यवृत्तीचे जादा तास अ ला. प्रयोगशाळेची किल्ली अ च्या सरांकडे. शाळेतले सगळ्यात मुरलेले गणिताचे सर आमचे वर्गशिक्षक. आम्हाला वाटायचं, आम्ही हुशार आहोत म्हणून ते आमच्याकडं आहेत. उलटंही खरं असेल, ही शंका पन्नाशीत यावी हे जरा लाजिरवाणंच आहे.

त्याच्या तुकडीला आठवीत गणिताला दिवाळीपर्यंत शिक्षकच नव्हता. त्यानंतर आलेले एक तरुण सर मार्चच्या आत निघून गेले. नववीत दुसरे आले. दहावीला तो गणितात गेला. ऑक्टोबरला बसला, पुन्हा गेला. मग मामाच्या ओळखीनं उद्यमनगरात हेल्पर.

हे शिक्षक का टिकत नव्हते याचं कारण तेव्हा आम्हा पोरांना कळणं शक्य नव्हतं. पुढं संस्थांचे हिशेब बघायला लागल्यावर कळलं. आपल्याकडं तुकडी ही मुलांची असते असं पालकांना वाटतं. कागदावर ती शिक्षकांच्या पदांची असते. इतका पट, तितक्या तुकड्या, तितकी पदं. त्यालाच संचमान्यता म्हणतात. पट घटला की तुकडी जाते, तुकडी गेली की सेवाज्येष्ठतेच्या यादीत तळाला असलेला माणूस ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याच्या समायोजनाची फाईल फिरू लागते. म्हणून एप्रिल-मे महिन्यात गुरुजी मंडळी उन्हातान्हात वाड्या-वस्त्यांवर पोरं गोळा करत हिंडतात. कुणी सायकल देतं, कुणी एसटीचा पास, कुणी गणवेश. मला त्यांचा राग येत नाही, पोट आहे. पण मग शेवटची तुकडी बहुतेक वेळा वाढीव निघते. तिला अनुदान उशिरा मिळतं किंवा मिळतच नाही, आणि तिच्यावरचा शिक्षक अर्ध्या पगारावर किंवा नुसत्या आशेवर काम करतो. २००१ नंतर तर ‘कायम विनाअनुदानित’ असाच शब्द आला. तो ‘कायम’ २००९ मध्ये काढला, आणि मग २०१६ पासून वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान सुरू झालं. त्या टप्प्यांची वाट बघत चाळिशी ओलांडलेले शिक्षक मी पाहिले आहेत. दुपारी वर्ग, संध्याकाळी दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहायचे.

म्हणजे सर्वांत अवघड वर्ग सर्वांत हलक्या खुर्चीवरच्या माणसाकडे. हे कुणी दुष्टपणानं ठरवलेलं नाही. ज्येष्ठ शिक्षक वेळापत्रक आधी निवडतात, मुख्याध्यापकांना निकालाची टक्केवारी हवी असते, पालक अ तुकडीच मागतात, आणि जे उरतं ते फ ला जातं.

मुलांना पातळीनुसार बसवावंच की नाही, यावर माझं मत बरीच वर्षं ठाम होतं, ते असं की बसवू नये. मग केनियातल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि ते जरा हललं. एस्थर डफलो, पास्कलीन डुपास आणि मायकेल क्रेमर यांनी तिथल्या १२१ प्राथमिक शाळांत, २००५ साली, निम्म्या शाळांमधली पहिलीची मुलं आधीच्या मार्कांवरून दोन वर्गांत वाटली आणि उरलेल्या शाळांत चिठ्ठ्या टाकून वाटली. मार्कांवरून वाटलेल्या शाळांत वरच्या वर्गाचा तर फायदा झालाच, खालच्या वर्गाचाही झाला, कारण शिक्षक मुलं जिथं होती तिथून शिकवू लागले. इथपर्यंत वाचून आमचे मुख्याध्यापक खूश झाले असते. पण पुढं एक बारीक गोष्ट आहे. कोणत्या वर्गाला कोणता शिक्षक, हेही तिथं चिठ्ठी टाकूनच ठरवलं होतं. खालच्या वर्गाला उरलेला शिक्षक मिळाला नव्हता. आणि तरीही, खालचा वर्ग वाट्याला आलेले कायम नोकरीतले शिक्षक वर्गात कमी सापडायचे. हंगामी नेमलेले मात्र दोन्हीकडं सारखेच राबायचे.

आपल्याकडं ‘प्रथम’ या संस्थेनं मुलांचे वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून शिकवायची पद्धत रुजवली, तीही चालते. तिथं गट काही आठवड्यांचा असतो. मूल शब्दावरून वाक्यावर आलं की उठून पलीकडच्या गटात जाऊन बसतं. आमच्या तुकडीतून उठायला सहा वर्षं आणि एक बोर्डाची परीक्षा लागली.

जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतर, दहाव्या वर्षीच, मुलांच्या शाळांच्या वाटा वेगळ्या होतात. फिनलंडमध्येही पूर्वी अकराव्या वर्षाच्या सुमाराला तसंच होतं. त्यांनी ते १९७२ मध्ये उत्तरेकडून मोडायला घेतलं आणि १९७७ पर्यंत हेलसिंकीत पोचले. सगळ्यांना एकच नऊ वर्षांची शाळा. गंमत अशी की त्या एका शाळेच्या पोटातही गणिताचे आणि परकीय भाषांचे वरचे-खालचे गट शिल्लक राहिले होते, ते काढायला १९८५ उजाडलं. तुकडी जाता जात नाही, कुठलीही असो.

स्नेहमेळाव्यानंतर एका रविवारी मी दसरा चौकातून चालत चाललो होतो. मधे शाहू महाराजांचा पुतळा, एका अंगाला मुस्लिम बोर्डिंग. जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, मराठा बोर्डिंग, मिस क्लार्क बोर्डिंग ही नावं कोल्हापूरकराच्या तोंडात पत्ता सांगण्यापुरती असतात. १९०१ पासून एकेक उभं राहिलं. अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क १९०८ चं. बाहेरगावच्या माझ्या एका मित्रानं एकदा विचारलं होतं, “जातवार वसतिगृहं? यात कसलं आलंय पुरोगामीपण?” तेव्हा मी फक्त चिडलो होतो. आता उत्तर सुचतं. तेव्हा एका पंगतीला बसायला लोक तयार नव्हते, म्हणून महाराजांनी आधी त्या-त्या समाजाला जागा, पैसा देऊन पोरांची झोपायची-जेवायची सोय केली. गावाकडचं पोर शहरात टिकलं पाहिजे, हा पहिला मुद्दा. बंधाऱ्यावर पाणी आलं तर बोर्डिंगातल्या पोराची चाचणी बुडत नाही. पुढं १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या सरकारी शाळांत घ्यायचा हुकूम काढला. राहणं वेगवेगळं होतं, पण वर्ग एक.

आता आमच्या अपार्टमेंटमध्ये चार मजल्यांवर बारा घरं आहेत, सगळ्या जातींची. गणपती एक, लिफ्ट एक, पाण्याची टाकी एक. सकाळी सातला गेटसमोर पाच वेगवेगळ्या शाळांच्या बस येतात आणि वॉचमनची मुलगी दप्तर घेऊन चालत महापालिकेच्या शाळेत जाते. महाराजांनी मांडलेलं आम्ही नेमकं उलटं केलं.

सगळ्या वस्तीची मुलं वस्तीतल्याच एका शाळेत, ही कल्पना काही परदेशी नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं समान शाळा पद्धतीची शिफारस केली, तेव्हा आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आमच्याच आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतला माणूस. डोंगरातल्या तालुक्यातलं पोर दिल्लीपर्यंत कुठकुठले बंधारे ओलांडून जातं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. शिफारस १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात आली आणि तिथंच राहिली. पुढं २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. त्यात खाजगी विनाअनुदानित शाळांतल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना. म्हणजे शाळा एक होणार नाहीत, पण शंभरातल्या पंचवीस खुर्च्या लॉटरीनं. त्यातूनही २०२४ च्या फेब्रुवारीत राज्यानं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला सूट. जुलैत उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. मधल्या महिन्यांत आमच्या वॉचमनच्या बायकोनं माझ्याकडून दोनदा ऑनलाइन फॉर्म भरून घेतला. नकाशावर घराची लाल टाचणी रोवताना ती मला सांगत होती, “साहेब, जरा शाळेच्या जवळ लावा की.”

लॉटरीत नाव आलं नाही. ते जाऊ दे.

पण सरकारी म्हटलं की मोडकळ, असं मी म्हणणार नाही, निदान कोल्हापुरात बसून तरी नाही. जरगनगरची महापालिकेचीच शाळा आहे. गुढीपाडव्याला प्रवेशासाठी तिथं पालकांच्या रांगा लागतात. चारचाकीवाले आणि हमाल एका रांगेत. शिष्यवृत्ती परीक्षेत आमच्या जिल्ह्याचं नाव झालं तेही जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी सुट्टीत, रात्री पोरांना घेऊन बसून केलं. फक्त त्या रांगेकडं बघताना मला एक खोडी सुचते. सगळं शहर एकाच शाळेसमोर उभं राहत असेल, तर ती शहराची अ तुकडी झाली. इतर शाळांचा पट घटतो, पट घटला की पद जातं. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांवर आहेत, आणि मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानं लहान शाळांतली पदं आणखी आवळली. शाहूवाडी-गगनबावड्याकडच्या वाडीवर दोन गुरुजी आणि चार इयत्ता. एक गुरुजी मीटिंगला गेले की दुसऱ्यांच्या चारही भिंतींवर फळे.

माझं स्वतःचं सांगायचं तर माझी मुलगी पाचवीला गेली तेव्हा शाळेनं तिला मराठी माध्यमाच्या तुकडीत घातलं होतं, सेमीत नाही. मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर जाऊन बसलो. त्या संस्थेचे हिशेब माझ्याकडे होते. फार बोलावं लागलं नाही. दोन दिवसांत तुकडी बदलली. सेमीची सीट साठच्या वर जात नाही, म्हणजे कुणाचं तरी नाव खाली गेलं असणार. कुणाचं, ते मी विचारलं नाही.

पॅटर्नवाल्याची गोष्ट मी दोन-तीन मित्रांना सांगितली. सगळे एकच बोलले, “बघा, शाळेनं नापास केलं, पण आयुष्यात पास झाला.” ही गोष्ट आपल्याला फार आवडते, कारण तिच्यात शाळेला काहीच करावं लागत नाही. तो उत्तम कारागीर आहे हे खरं. हेही खरं की ड्रॉइंग घेऊन येणारे डिप्लोमावाले त्याच्याकडून चुका काढून घेऊन जातात आणि पगार त्यांना जास्त मिळतो. त्याला डिप्लोमाच करायचा होता, हे त्यानंच सांगितलं, चहा ओतता ओतता.

जानेवारीत मी पुन्हा त्याच्याकडं गेलो. तुझा नंबर ग्रुपवर घालतो म्हणालो.

“नको. तितं सगळे इंग्रजीत गुड मॉर्निंग घालत असतील.” मग जरा थांबून, “अ च्या सगळ्यांना मी वळकतोय की. त्यांनी मला वळकायला पायजे.”

“सगळ्यांना? कसं काय?”

“आटवीत आमाला गणिताला सर न्हवतं तवा पंधरा दिवस तुमच्याच वर्गात बसवलं न्हवतं का? मागं, भिंतीला टेकून, खाली. तुमचे सर पहिल्या तासाला हजेरी घ्यायचे. आमची न्हाई, तुमची.”

मला हे अजिबात आठवत नव्हतं. पन्नास पोरं पंधरा दिवस माझ्या पाठीमागं बसली होती आणि मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं, किंवा पाहून विसरलो होतो.

त्यानं हातातली पट्टी खाली ठेवली, डोळे मिटले आणि सुरू केलं. एक नंबर, दोन नंबर, तीन. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, सरांच्याच चालीत, मधे कुठंही न अडखळता. डॉक्टर आला, इंजिनिअर आला, आता अमेरिकेत असलेला एक आला, आणि आणखी दोघं आली, जी आता नाहीत. तेवीसवर माझं पूर्ण नाव आलं.

“हजर,” मी म्हणालो.

रंध्यावर काम करणारं पोरगं मान वर करून हसलं. तो चोवीसवर गेला.